मॅटची कड ओलांडल्यावर

"९० टक्के मारामाऱ्या शेवटी जमिनीवरच जातात." ब्राझिलियन जुजुत्सूच्या प्रचारात हे वाक्य गेली तीसेक वर्षे फिरते आहे. पुण्या-मुंबईतल्या वर्गांतही ते ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला चटकन पटते, कारण दोन माणसे एकमेकांना भिडली की कुणाचा तरी तोल जातोच. मग पुढचा हिशेब सोपा वाटतो. खाली पडून प्रतिस्पर्ध्याला पायांत अडकवायला शिका, त्याचा कोपर पिळायला किंवा मान आवळायला शिका, म्हणजे रस्त्यावर कुणाला भ्यायला नको.

हा हिशेब मानणारे आणि खोडून काढणारे असे दोन्ही पक्ष अनुभवाने बोलतात. इथे ते दोन माणसांच्या तोंडी घातले आहेत. एक, पुण्यात जुजुत्सू शिकवणाऱ्या प्रशिक्षिका. दुसरे, कोल्हापूरच्या तालमीत मातीत वाढलेले आणि पोलीस दलातून निवृत्त झालेले वस्ताद. माणसे नमुन्यादाखल आहेत, त्यांनी दिलेली उदाहरणे मात्र घडलेली आहेत.

वस्तादांनी पहिला हात त्या आकड्यालाच घातला.

"हे ९० टक्के मोजले कुणी, ताई?"

"तसे कुणीच मोजले नाहीत," प्रशिक्षिकांनी सरळ सांगितले. "लॉस एंजेलिस पोलिसांच्या १९८८ सालच्या झटापटींच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या होत्या. त्यांत सुमारे ६२ टक्के झटापटी जमिनीवर संपल्याचं दिसलं. पुढे जाहिरातीत आकडा फुगत गेला."

"आणि त्या झटापटी पोलिसांच्या. माझी उभी नोकरी त्यात गेली. पोलिसाला समोरचा माणूस पळून जाऊ द्यायचा नसतो. बेड्या घालायच्या तर त्याला पालथा पाडावाच लागतो. म्हणजे झटापट जमिनीवर गेली नाही, पोलिसांनी ती नेली. बरोबर जोडीदार, कमरेला हत्यार, मागं गाडी, तेव्हा नेली. रात्री क्लासवरून येणाऱ्या पोरीला कुणाला बेड्या घालायच्या आहेत? तिला घरी पोचायचं आहे."

मुद्दा बिनतोड आहे. झटापट कुठे संपली याच्या नोंदी मिळतात, पण ती तिथे का गेली आणि कुणाच्या इच्छेने गेली हे त्यात दिसत नाही. पोलिसाचे काम धरून ठेवण्याचे, स्वसंरक्षण करणाऱ्याचे सुटण्याचे. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की शिकवणीचा सगळा रोखच बदलतो.

प्रशिक्षिकांनी आकडा सोडला, विद्या सोडली नाही. "आकडा जाऊ द्या. १२ नोव्हेंबर १९९३ला डेन्व्हरमध्ये काय झालं ते कसं नाकारणार? यूएफसीची पहिली स्पर्धा, जाळीच्या रिंगणात. वजनी गट नाहीत, वेळेची मर्यादा नाही, चावणं आणि डोळ्यात बोट घालणं सोडलं तर जवळपास सगळं चालत होतं. त्यात सुमारे ८० किलोचा रॉयस ग्रेसी एका रात्रीत तीन लढती जिंकला. तिन्ही मिळून पाचेक मिनिटांत! समोर बॉक्सर होता, केन शॅमरॉकसारखा तगडा पकडीचा लढवय्या होता, अंतिम फेरीत लाथाबुक्क्यांत मुरलेला जेरार्ड गोर्दो होता. प्रत्येकाला त्यानं खाली नेलं आणि हार मानायला लावली. खाली काय करायचं हे माहीत नसलेला ताकदवान माणूस किती हतबल होतो, हे त्या रात्री जगानं पाहिलं."

"पाहिलं. पण त्या जाळीच्या आत किती माणसं होती?"

"दोन. आणि पंच."

"तिसरा आत येणार नाही, ही खात्री रॉयसला होती. म्हणून तर तो एका माणसाला दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी निवांत गुंतवून ठेवू शकला. आमच्याकडं चौकात भांडण लागलं की पहिल्या मिनिटाला दोघं असतात, दुसऱ्याला पाच. पाचातले किती तुमचे आणि किती त्याचे, हे खाली पडल्या पडल्या कळत नाही."

यावर प्रशिक्षिकांनी काढलेले उदाहरण या सगळ्या वादातले सर्वांत बोलके आहे, आणि त्यांनी ते आपल्या बाजूचे म्हणून काढले. २० एप्रिल १९९५, तोक्योचे बुदोकान सभागृह. 'व्हाले तुदो' म्हणजे जवळजवळ मोकळ्या नियमांची लढत. युकी नाकाई हा सुमारे ७० किलोचा जपानी मल्ल आणि समोर तोच डच गोर्दो, त्याच्याहून डोक्याने उंच आणि कितीतरी वजनदार. नाकाई पकड घेण्यासाठी झोंबत राहिला, मार खात राहिला आणि चौथ्या फेरीत खाली घसरून त्याने गोर्दोचा पाय धरला. टाच पिळली. गोर्दोने हार मानली. त्याच संध्याकाळी नाकाईने आणखी एका धिप्पाड अमेरिकी कुस्तीगिराला हाताच्या पेचात हरवले आणि अंतिम फेरीत रिक्सन ग्रेसीपुढे तो हरला. पुढे जपानमध्ये जुजुत्सू रुजवणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आले.

"७० किलोच्या माणसानं हे केलं," त्या म्हणाल्या. "उभं राहून ठोसेबाजी केली असती तर त्याला कुणी वाचवलं नसतं."

"त्याच्या डोळ्याचं काय झालं ते सांगा ना."

त्यांनी तेही सांगितले. भिडलेल्या अवस्थेत गोर्दोने नाकाईच्या उजव्या डोळ्यात बोट घातले होते. त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. अशा स्पर्धा बदनाम होऊन बंद पडू नयेत म्हणून नाकाईने ही गोष्ट बराच काळ लपवून ठेवली.

या एका लढतीत दोघांचीही बाजू आहे. तंत्र खरे ठरले. वजनाचा, उंचीचा, ताकदीचा फरक त्याने पुसून टाकला. पण तंत्राला वेळ लागला, आणि त्या वेळात दोन्ही शरीरे एकमेकांना चिकटलेली होती. जुजुत्सूची पकड घेणारा माणूस आपला चेहरा, डोळे, कान, बोटे प्रतिस्पर्ध्याच्या हातातोंडाजवळ नेतो. मॅटवर याची किंमत मोजावी लागत नाही, कारण तिथे बोट डोळ्याकडे जात नाही. बुदोकानमध्ये पंच होता, डॉक्टर होते, हजारो प्रेक्षक होते, तरी एक डोळा गेला. ज्याला करंडक मिळवायचा आहे तो माणूस हा सौदा स्वतःच्या मर्जीने करू शकतो. ज्याला नुसते सुखरूप घरी जायचे आहे त्याच्याकडून हा सौदा शिकवणाऱ्याने परस्पर करून टाकू नये.

वस्तादांना मग गामा आठवला. १० सप्टेंबर १९१०ला लंडनमध्ये गामाची कुस्ती पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी लागली. गामाने त्याला लवकरच खाली घेतले आणि झिबिस्को पोट जमिनीला चिकटवून पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ कुस्ती चालली, त्यातला बहुतेक वेळ तो तसाच होता. पाठ लागत नव्हती म्हणून तो हरला नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. "नियमानं त्याला जमिनीचा आसरा दिला," वस्ताद म्हणाले. "तोच झिबिस्को एखाद्या गल्लीत तसा पडला असता तर? वरून लाथ बसायला किती वेळ लागतो?"

"हे तुम्ही तुमच्याच कुस्तीविरुद्ध बोललात, वस्ताद."

"बोललो की. खरं आहे ते."

प्रशिक्षिकांनी हा धागा सोडला नाही. मातीतल्या पैलवानाला लहानपणापासून एकच भीती घातलेली असते, पाठ लागण्याची. संकट आले की तो वळतो आणि पालथा होतो. आखाड्यात ही सवय त्याला वाचवते. रस्त्यावर मात्र पालथ्या माणसाला समोरच्याचे हात दिसत नाहीत, त्याची मान उघडी पडते, डोक्याचा मागचा भाग उघडा पडतो. जुजुत्सूवाला निदान तोंड वर करून पडतो. त्याचे पाय त्याच्या आणि हल्लेखोराच्या मध्ये असतात.

"खरं. पण तुमची पोरं तर आपणहून पाठीवर जातात," वस्ताद म्हणाले. "मी स्पर्धा पाहिल्यात. सलामी झाली की समोरच्याचा सदरा धरायचा आणि खाली बसायचं. उभ्यानं पाडायचा प्रयत्नसुद्धा नाही."

हा टोला बरोबर बसला. स्पर्धेतल्या जुजुत्सूत समोरच्याला पाडले तर २ गुण, पायांचा अडसर पार केला तर ३, छातीवर स्वार झाले किंवा पाठीमागून ताबा घेतला तर ४. आपणहून खाली बसणाऱ्याचे मात्र काहीच कापले जात नाही, कारण खाली बसून पायांनी खेळणे हा रीतसर डाव आहे. ठोसा नाही, लाथ नाही, त्यामुळे त्यात धोकाही नाही. स्पर्धा जिंकायला निघालेला विद्यार्थी तेच करणार. वर्षानुवर्षे तेच केल्यावर घाबरलेल्या क्षणी त्याचे शरीरही तेच करणार, मग खाली रबरी मॅट असो की डांबर. डांबरावर नुसते पडणेसुद्धा जिवावर बेतते. एका ठोशाने माणूस कोसळतो, डोके पदपथावर आपटते आणि मृत्यू येतो. असे प्रकार ऑस्ट्रेलियात इतके गाजले की न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४ साली त्यासाठी वेगळा कायदा केला. ठोसा एकच असतो, जीव घेते ती बहुतेक वेळा जमीन.

आणि हत्यार? पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. २७ जून २०२३ला सदाशिव पेठेत भरदिवसा एक तरुण कोयता घेऊन एका तरुणीच्या मागे धावला. तिच्यावर वार झाले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण पुढे झाला, त्याने कोयत्याचा हात धरला, मग इतर धावले आणि ती वाचली.

"त्या पोरानं काय केलं बघा," वस्ताद म्हणाले. "खाली नेलं नाही, गळा धरला नाही. उभ्या उभ्या हत्याराचा हात धरला आणि माणसं येईपर्यंत सोडला नाही. तालमीत आम्ही पहिल्या दिवसापासून हेच करतो. मनगट धर, हात काढ, बगलेखालून निघ. खाली लोळताना दुसऱ्याच्या खिशातून काय निघतंय ते दिसत नाही. जवळ आलेल्या चाकूला एक हात मोकळा पुरतो."

प्रशिक्षिकांना हे मान्य होते. अमेरिकी लष्कराचा दाखला त्यांनी स्वतःच दिला. १९९५च्या सुमारास तिथल्या रेंजर पलटणीत ग्रेसींच्या जुजुत्सूवर आधारलेले हातघाईचे शिक्षण सुरू झाले आणि पुढे ते साऱ्या लष्करात गेले. ते उभारणारे मॅट लार्सन सैनिकांना सांगत आले आहेत की रणांगणावरची हातघाई तोच जिंकतो, ज्याचा साथीदार बंदूक घेऊन आधी पोचतो. म्हणजे जमिनीवरच्या पकडीचा उपयोग मदत येईपर्यंत टिकून राहण्याचा. मदत समोरच्याची आली तर तीच पकड आपल्याला जागेवर खिळवून ठेवते.

इथवर वाद वस्तादांच्या बाजूला झुकला होता. मग प्रशिक्षिकांनी विचारले, "तुमच्या सगळ्या गोष्टीत रस्ता आहे, चौक आहे, गल्ली आहे. बाईवर हल्ला कुठं होतो, वस्ताद? तुम्ही पोलिसात होता."

वस्ताद लगेच बोलले नाहीत.

"घरात," शेवटी ते म्हणाले. "नात्यातला, ओळखीतला, शेजारचा."

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. तिथे चौक नसतो, धावून येणारा तरुण नसतो आणि बऱ्याचदा दाराला आतून कडी असते. अंतर राखा, पळा, ओरडा हा सल्ला त्या खोलीत निम्मा निकामी होतो, कारण हल्ला सुरू होतो तेव्हा माणूस आधीच हाताच्या अंतरावर असतो.

"तिला खाली नेणार की नाही हे ती ठरवत नाही," प्रशिक्षिका म्हणाल्या. "ती खाली असतेच. पाठीवर, वर ८० किलोचा माणूस, दोन्ही मनगटं दाबलेली. या अवस्थेचा ज्यात रोज सराव होतो अशा फार थोड्या विद्या आहेत. कराटेत त्याचा सराव होत नाही, बॉक्सिंगमध्ये नाही आणि तुमच्या कुस्तीत तर तिथं पोचायच्या आधीच निकाल लागतो. माझ्याकडं येणाऱ्या मुलीला पहिल्यांदा कुणीतरी छातीवर बसतं तेव्हा ती श्वास धरते, डोळे मिटते. काही महिन्यांनी ती श्वास घेते, कंबर उचलते, एक पाय अडकवते, कूस बदलते. आधी जी गोठून जात होती ती आता काहीतरी करते. एवढंच. पण एवढ्यासाठी मी ही विद्या शिकवते."

वस्तादांनी मान हलवली. वादात इतका वेळ जे निसटत होते ते इथे हाती लागते. जमिनीवरच्या विद्येचे दोन वेगळे भाग आहेत. एक, खालून सुटून पायांवर उभे राहणे. दुसरा, खाली राहून समोरच्याला पेचात अडकवणे. स्वसंरक्षणात पहिल्याला तोड नाही. दुसऱ्याला मर्यादा पडतात त्या सगळ्या तो भाग मॅटबाहेर नेल्यावर. अडचण अशी की वर्गात वेळ दुसऱ्या भागाला मिळतो, कारण पट्टा, पदक आणि टाळ्या त्याच्याच वाट्याला येतात. एक हात मागे टेकवायचा, दुसरा तोंडापुढे धरायचा, एका पायाने समोरच्याला ढकलून कंबर उचलायची आणि तोच पाय मागे खेचून उभे राहायचे. इतकी साधी क्रिया! नवख्यांना ती पहिल्या आठवड्यात दाखवतात आणि पुढे कवायतीपुरती उरते. सरावाच्या झुंजीत उभे राहून दूर झाले म्हणून कुणी जिंकत नाही.

राहिला प्रश्न पेच लावण्याचा, आणि तिथे वस्तादांचा विरोध सर्वांत तिखट होता.

"मॅटवर समोरचा दोनदा हात थोपटतो आणि तुम्ही सोडता. रस्त्यावर थोपटतो कोण? आणि थोपटलं तरी तुमचा विश्वास बसेल?"

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १ मे २०२३ला हाच प्रश्न उभा राहिला. जॉर्डन नीली हा बेघर, मानसिक आजाराने ग्रासलेला तरुण डब्यात ओरडत, धमकावत होता. डॅनियल पेनी या माजी मरीनने त्याला मागून मानेचा पेच घातला आणि खाली घेतले. आणखी काही प्रवाशांनीही नीलीला धरायला हात लावला. पेच सुमारे सहा मिनिटे राहिला. नीलीचा मृत्यू झाला. घाबरलेल्या प्रवाशांना वाचवायलाच पेनी पुढे झाला, असा त्याच्या वकिलांचा युक्तिवाद होता. सुरुवात समजण्यासारखी होती, पण धोका टळल्यावरही त्याने सोडले नाही, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. ९ डिसेंबर २०२४ला ज्यूरीने पेनीला निर्दोष सोडले. निकालावर अमेरिका दुभंगली, ती आजही एकमताची नाही.

निकाल काहीही असो, प्रशिक्षणाच्या दृष्टीने ती सहा मिनिटे महत्त्वाची आहेत. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध पडतो. लगेच सोडले तर बहुधा शुद्धीवर येतो. मिनिटे उलटली तर मरतो. धडपडणाऱ्या, घामेजलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या हातात ती पकड नीट बसत नाही, श्वासनलिकेवर घसरते, आणि खालचा माणूस श्वासासाठी हातपाय झाडतो ते वरच्याला प्रतिकारासारखे वाटते. म्हणून तो आणखी आवळतो.

आपल्याकडचा कायदाही इथे स्पष्ट आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी संरक्षणाचा हक्क देतात. बलात्काराच्या, अपहरणाच्या, ॲसिड हल्ल्याच्या प्रसंगात किंवा मृत्यूची, गंभीर इजेची वाजवी भीती असताना हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. पण बचावाला लागते त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि धोक्याची भीती असते तोवरच तो टिकतो. हाड मोडणे किंवा सांधा निखळणे ही कायद्याच्या व्याख्येनेच गंभीर दुखापत आहे. धक्काबुक्कीच्या भांडणात जुजुत्सूवाल्याने सराईतपणे कोपर मोडला तर ज्याने आधी हात उचलला तो फिर्यादी होईल आणि हा आरोपी.

"म्हणून तर पकड हवी, वस्ताद," प्रशिक्षिकांनी उलट बाजू मांडली. "दारू प्यालेला मेहुणा लग्नात धुमाकूळ घालतोय. त्याला ठोसा मारणार की दाबून धरणार? जॉर्जियातल्या मॅरिएटा शहराच्या पोलिसांनी २०१९पासून नव्या भरतीला जुजुत्सू सक्तीचं केलं. पोलिसांच्या आणि पकडलेल्यांच्याही जखमा कमी झाल्या, असं तो विभाग सांगतो. ज्याला धरता येतं त्याला मारावं लागत नाही."

"धरायला ना नाही. गळ्याला आहे. २५ मे २०२०ला मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड गेला, तो पालथा, मानेवर पोलिसाचा गुडघा. त्यानंतर लॉस एंजेलिस पोलिसांनीसुद्धा मान आवळण्याचं शिक्षण थांबवलं. ज्यांच्या आकड्यावर तुमची जाहिरात उभी राहिली, त्यांनीच!"

मग दोघे वर्ग कसा घ्यावा यावर आले. सुरुवातीचे आठवडे फक्त सुटणे आणि उभे राहणे, हे प्रशिक्षिकांनी मान्य केले. उभे राहून दाराशी पोचले की झुंज जिंकली, असा नियम सरावात आणायचेही त्यांनी कबूल केले. मनगट धरणे आणि हात काढणे शिकवायला वस्ताद आठवड्यातून एकदा येणार. झुंज चालू असताना एक-दोन जण मध्येच आत शिरतील आणि एखाद्याच्या कमरेला रबरी चाकू असेल, कुणाच्या हे आधी सांगायचे नाही.

मानेच्या पेचावर मात्र जमले नाही. तरुण मुलांच्या तुकडीला तो शिकवूच नये, असे वस्तादांचे म्हणणे. शिकवायचा पण दहा मोजून सोडायची सक्ती करायची, आणि पडलेल्याला कुशीवर वळवून त्याचा श्वास तपासायला त्याच तासात शिकवायचे, असे प्रशिक्षिकांचे.

"आणि बायकांच्या तुकडीला?" वस्तादांनी विचारले.

"त्यांना पहिल्या महिन्यातच," त्या म्हणाल्या. "कडी लावलेल्या खोलीत तिच्यापाशी आणखी काय आहे ते मला सांगा, मग मी थांबवते."

वस्ताद म्हणाले, विचार करून सांगतो.